यकृतातील गाठ आणि कॉन्ट्रास्टची साक्ष

“डॉक्टर, गाठ म्हणजे कॅन्सरच ना?” दांडिया बाजारातील एका आजींनी हा प्रश्न विचारला, तेव्हा त्यांची दहा वर्षांची नात शेजारीच बसली होती. पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत तिच्या यकृतात अचानक एक गाठ आढळली होती. मुलगी खेळती होती, कावीळ नव्हती, वजन घटले नव्हते आणि अल्फा-फीटोप्रोटीनही वाढलेले नव्हते. तरीही एवढ्यावरून ‘नाही’ असे ठामपणे सांगणे मला योग्य वाटले नाही.

अशा वेळी एम.आर.आय.च्या वेळी शिरेतून दिले जाणारे गॅडोलिनियमयुक्त कॉन्ट्रास्ट द्रव्य मोलाची साक्ष देते. ते ऊतींना रंगवीत नाही. आसपासच्या पाण्यातील हायड्रोजनच्या चुंबकीय वर्तनात ते बदल घडविते आणि ते पोचते तो भाग चित्रात उजळ दिसतो. गाठ किती उजळते यापेक्षा ती केव्हा आणि कशी उजळते, हे अधिक महत्त्वाचे. हिमँजिओमा ही रक्तवाहिन्यांची गाठ बहुधा कडेने ठिपक्याठिपक्यांनी उजळते आणि हळूहळू मध्यापर्यंत भरत जाते. फोकल नोड्युलर हायपरप्लेझिया मात्र धमनीतील रक्त पोचताच झळकते.

गॅडोक्सेटिक आम्ल हे द्रव्य आणखी एक पाऊल पुढे जाते. त्याचा सुमारे निम्मा भाग यकृतपेशी शोषून पित्तात सोडतात. म्हणून सुमारे २० मिनिटांनी पुन्हा चित्रे घेतात. फोकल नोड्युलर हायपरप्लेझियात कार्यक्षम यकृतपेशी असल्याने ती तेव्हाही उजळ राहते; ॲडिनोमा बहुधा काळा दिसतो, पण त्याचे काही प्रकार अपवाद ठरतात. हिमँजिओमात यकृतपेशीच नसल्याने तोही काळा दिसतो. ‘काळी म्हणजे घातक’ असा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा.

लहान मुलांबाबत दोन सूचना कराव्याशा वाटतात. अर्भकात अल्फा-फीटोप्रोटीन स्वभावतःच जास्त असते; तो आकडा वयानुसारच वाचावा. तसेच अर्भकाच्या यकृतात अनेक हिमँजिओमा असल्यास थायरॉइडची तपासणी विसरू नये.

द्रव्य उपयुक्त असले, तरी ते सरसकट देऊ नये. मूत्रपिंडे अतिशय दुर्बल असलेल्या रुग्णांमध्ये त्वचा व अवयव कठीण करणाऱ्या विकाराशी गॅडोलिनियमचा संबंध २००६ मध्ये पुढे आला. मेंदूत अंश साठतो असे दिसल्याने युरोपात २०१७ मध्ये काही रेषीय द्रव्यांचा वापर थांबविण्यात आला. गॅडोक्सेटिक आम्ल मात्र यकृताच्या तपासणीपुरते कायम ठेवले गेले. नवजात बालकाची मूत्रपिंडे अपरिपक्व असतात, हेही ध्यानी असावे. ‘या चित्राने उपचार बदलणार आहे का?’ हा प्रश्न चिठ्ठी लिहिण्यापूर्वी आपण स्वतःला विचारावा.

नातीची गाठ धमनी-टप्प्यात झळकली आणि २० मिनिटांनीही उजळच राहिली. क्ष-किरणतज्ज्ञांशी बोलून आम्ही सुई टाळली, शस्त्रक्रियाही टाळली. ठराविक काळाने सोनोग्राफी करावयाचे ठरले. आजींना मी सांगितले, “गाठ आहे, पण ती यकृताच्याच पेशींची आहे आणि यकृताचेच काम करते आहे.” त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरविला आणि विचारले, “मग उद्यापासून हिला शाळेत पाठवू ना?”