व्यापार कराराला ‘हो’ कोणी म्हणायचं?

मंडळी, युरोपीय संघाच्या व्यापार धोरणाकडे आज एकच प्रश्न धरून बघू. २७ देशांच्या वतीनं ‘हो’ म्हणायचा अधिकार कोणाचा?

१९५७ च्या रोम करारात सहा देशांनी दोन गोष्टी ठरवल्या. आपापसांतलं आयातशुल्क काढायचं, आणि बाहेरच्या मालावर सगळ्यांनी सारखंच लावायचं. १ जुलै १९६८ ला हे अमलात आलं. यातली दुसरी अट महत्त्वाची. समजा, फ्रान्सचं शुल्क वीस टक्के आणि इटलीचं पाच, तर सगळा माल इटलीच्या बंदरात उतरेल आणि तिथून बिनशुल्क पॅरिसला जाईल. म्हणून शुल्क एक, आणि वाटाघाटी करणाराही एकच : युरोपीय आयोग. फ्रान्सला एकट्याला भारताशी मुक्त व्यापार करार करता येत नाही, तो यामुळे.

पण पुढे करारच बदलले. शुल्काच्या जोडीला सेवा, पेटंट, सरकारी खरेदी, पर्यावरण, गुंतवणूक असं सगळं त्यांत आलं. दक्षिण कोरियाशी झालेला, २०११ पासून लागू झालेला करार हा या नव्या पिढीतला पहिला. आता बघा, शुल्क कमी झालं तर वस्तू स्वस्त होते. नियम बदलला तर आपण कसं जगायचं, हेच बदलतं. मग संमतीचा प्रश्न टोकदार होणारच. २००९ मध्ये अमलात आलेल्या लिस्बन करारानं व्यापार करारांना युरोपीय संसदेची मंजुरी सक्तीची केली. तेवढ्यानं भागलं नाही.

ऑक्टोबर २०१६. कॅनडाशी करार तयार, सह्यांचा दिवस ठरलेला. बेल्जियममधल्या वॅलोनिया या सुमारे ३६ लाख वस्तीच्या प्रांतानं नकार दिला. बेल्जियमच्या राज्यघटनेनुसार प्रांतांची संमती लागते. परकी गुंतवणूकदारांना सरकारविरुद्ध वेगळ्या न्यायाधिकरणात जाता यावं, हे त्यांना मान्य नव्हतं. शेतकऱ्यांची काळजीही होती. खुलासे जोडले गेले, तेव्हा ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या.

मे २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयानं सिंगापूर कराराबाबत मत दिलं. करारातला बहुतेक भाग संघाच्या एकट्याच्या अधिकारातला. पण गुंतवणूकदार आणि सरकार यांच्यातले तंटे सोडवण्याची व्यवस्था सदस्य देशांच्या संमतीशिवाय नाही. यावर तोड निघाली ती अशी, की करार दोन करायचे. सिंगापूर आणि व्हिएतनाम यांच्याशी तसंच झालं. व्यापाराचा करार अनुक्रमे २०१९ आणि २०२० मध्ये लागू झाला, गुंतवणुकीचा देशोदेशींच्या मंजुरीसाठी मागे राहिला. भारताशी २००७ ला सुरू होऊन २०१३ ला थांबलेल्या वाटाघाटी २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, त्याही व्यापार, गुंतवणूक संरक्षण आणि भौगोलिक मानांकन अशा वेगवेगळ्या करारांसाठी.

यानं सोय झाली, हे खरं. पण प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. ३६ लाखांनी कोट्यवधींना अडवावं का, ही शंका रास्तच आहे. मात्र ज्याला ‘नाही’ म्हणायची वाटच ठेवलेली नाही, त्याच्या ‘हो’ला संमती म्हणता येईल का, ही शंकाही तितकीच रास्त आहे. युरोपचं व्यापार धोरण या दोन शंकांच्या मधून वाट काढत आलं आहे. भारतासारख्या संघराज्यात राहणाऱ्या आपण सगळ्यांनी ही वाट नीट बघून ठेवावी.