गांजा, बीजरहित

भांग (लॅ. कॅनॅबिस सॅटिव्हा, कुल-कॅनॅबिनेसी) या वर्षायू वनस्पतीच्या मादी झाडांचे रेझीनयुक्त, वाळविलेले शेंडे म्हणजे गांजा. नर व मादी फुले बहुधा वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि परागण वाऱ्यामुळे होते. नर फुलोरा विरळ व लोंबता, तर मादी फुलोरा दाट असून त्यातून किंजल्कांच्या जोड्या डोकावतात. परागण झाल्यास झाडाची शक्ती बी भरण्यात खर्च होते. न झाल्यास नवी फुले येत राहतात व छदांवरील प्रपिंडीय केसांत रेझीन साठत जाते.

केळ्याचे बीजरहितत्व हा वाणाचाच गुण असतो. गांजाच्या बाबतीत मात्र ते दर हंगामात मशागतीने साधावे लागते. त्याकरिता नर फुले उमलण्यापूर्वीच सर्व नर झाडे उपटून टाकीत. बंगालमधील नौगाव (आता बांगला देशात) भागात हे काम ‘परखदार’ म्हणून ओळखले जाणारे जाणकार करीत. एखादे नर झाड नजरेतून सुटले, तरी शेजारच्या शेतांतही बी धरे. मादी झाडांवर क्वचित नर फुलेही येत असल्याने काळजीपूर्वक निवडीनंतरही थोडे बी राहतेच.

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडील निमाड हा मध्य प्रांतातील परवानाधीन लागवडीचा प्रमुख भाग होता. मुंबई इलाख्यात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्हा अग्रेसर होता. भारतीय भांग आयोगाच्या (१८९३–९४) चौकशीत वऱ्हाडचाही समावेश होता. आयोगाने संपूर्ण बंदीऐवजी परवाने, कर व मर्यादित क्षेत्रातील लागवड यांची शिफारस केली. शेते एकत्र असणे नर झाडे काढण्यास जसे सोयीचे, तसेच सरकारी देखरेखीसही सोयीचे होते.

गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये फुले किंवा फळे धरलेले शेंडे म्हणजे गांजा होय. शेंड्यांसोबत नसलेली बी व पाने त्यातून वगळली आहेत. म्हणजे शेतकऱ्याच्या लेखी प्रतीचा निकष असलेले बीजरहितत्व कायद्याच्या लेखी गौण आहे. विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

अलीकडे परदेशांत द्विगुणित व चतुर्गुणित झाडांच्या संकरातून त्रिगुणित वाण तयार करण्यात आले असून परागण होऊनही त्यांत बी फारच कमी धरते. बीजरहितत्व मशागतीऐवजी वाणात आणण्याचा हा प्रयत्न आहे.