उंचावलेल्या जीपची घरघर

माझ्या पुतण्यानें जुनी जीप ४ इंच उंच करून घेतली आणि ताशीं ५० किलोमीटरच्या पुढें तिच्या पोटांतून घरघर ऐकूं येऊं लागली. मिस्त्री गिअरबॉक्स उघडावयास निघाले. मीं म्हटलें, “आधीं आवाज कोणाचा तें ओळखूं.”

सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्यें घातली. इंजिन मंदावलें, पण घरघर गाडीच्या वेगाशींच बांधलेली राहिली. तिसऱ्या व चौथ्या गिअरांतही त्याच वेगाला तोच सूर. अर्थात् संशय प्रोपेलर शाफ्टवर आला.

या शाफ्टच्या दोन्ही टोकांस क्रॉस असतो. क्रॉसमधून फिरणें तिरकें झालें, कीं पलीकडील गति एका फेऱ्यांत दोनदां वाढते व दोनदां घटते. दोन्ही टोकांचे कोन समान असले तर पहिल्याची चूक दुसरा भरून काढतो. गाडी उंचावतांना मागील आंस किंचित् फिरला होता. कोन मोजले, ५ अंशांचा फरक! (माझ्या भूमितीस पेन्शनीनंतर काम मिळालें.)

कमानपाटा व आंस यांमध्यें पाचर बसवितांच घरघर थांबली. मागचा क्रॉस मात्र हातानेंच हलत होता; तोही बदलला. पुतण्या दुसऱ्या दिवशीं मुलांना घेऊन घाट उतरणार होता.