मालमोटारीच्या पाठीवर कुटुंब

काशीयात्रेला निघालेले मराठी कुटुंब वाराणसीच्या स्थानकावर उतरले की त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो वाहनाचा. आजी-आजोबा, मुलगा-सून, लेक-जावई, नातवंडे आणि सोबतीला आलेली एखादी आत्या, अशी आठ-दहा माणसे असतात. प्रयाग, काशी आणि गया ही त्रिस्थळी यात्रा एकाच फेरीत पुरी व्हावी, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा असते. या यात्रेचा विधी सांगणारा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ सोळाव्या शतकात काशीतच लिहिला गेला, आणि त्याचे कर्ते नारायणभट्ट यांचे घराणे मूळचे पैठणचे. ग्रंथाने विधी लावून दिला, तरी वाट मात्र ज्याची त्यालाच तुडवावी लागते. काशीहून प्रयाग सुमारे सव्वाशे किलोमीटर. गया दुसऱ्या दिशेला सुमारे अडीचशे. दहा माणसे एका मोटारीत मावत नाहीत, दोन मोटारींचे भाडे परवडत नाही, आणि गर्दीच्या बसमध्ये म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात.

गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात या अडचणीला एक उत्तर मिळाले. चौकोनी अंगाची, उंच बांध्याची, टपावर वळकट्या आणि पिशव्या दोरीने आवळलेली ती गाडी म्हणजे टाटा सुमो. वरून पाहता ती कुटुंबाची मोटार होती. पण खाली वाकून पाहिले तर तिची हाडे मालमोटारीची होती. मालासाठी घडलेल्या सांगाड्यावर कुटुंबाला बसविण्याची ही कल्पना कशी आली, आणि तिने आपल्याला काय दिले व आपल्याकडून काय घेतले, हे पाहण्यासारखे आहे.

मोटार दोन प्रकारांनी बांधता येते. एका प्रकारात शिडीसारखा पोलादी सांगाडा आधी तयार करतात. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, अशी त्याची रचना. इंजिन, चाके, पाटे हे सारे त्यावर बसते, आणि माणसांची पेटी वरून वेगळी ठेवून बोल्टांनी आवळतात. दुसऱ्या प्रकारात सांगाडा निराळा नसतोच. पत्र्याचे सबंध कवचच भार पेलते. पहिली रीत मालमोटारीची, दुसरी आजच्या बहुतेक लहान मोटारींची. पहिली जड, पण दणकट आणि दुरुस्तीला सोपी. दुसरी हलकी आणि बसायला सुखाची.

पहिल्या रीतीवर कुटुंबाची गाडी उभारण्याचा गाजलेला आरंभ अमेरिकेत झाला. शेव्हरोले कंपनीने 1935 साली अर्ध्या टनाच्या मालमोटारीच्या सांगाड्यावर आठ माणसे बसतील अशी संपूर्ण पोलादी पेटी चढविली आणि तिला ‘सबर्बन’ हे नाव दिले. आसने काढली की तीच गाडी माल वाहू शके. पुढे 1946 मध्ये विलिस कंपनीने युद्धात नावाजलेल्या जीपच्या घराण्यात एक बंद पोलादी गाडी आणली. तिचा आराखडा ब्रुक्स स्टीव्हन्स यांचा. आपल्याकडे 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीपची जुळणी महिंद्रांनी सुरू केली. पण जीप गेली ती मुख्यतः लष्कर, पोलीस, वनखाते आणि विकासगटांच्या कामाला. सामान्य कुटुंबाला तिच्यात बसण्याचा योग आला तो बहुधा पाहुणा म्हणूनच.

कुटुंबाची म्हणावी अशी गाडी आली ती पुण्यातून, आणि ती एका मालमोटारीच्या कारखान्याने काढली, यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. टेल्को ही कंपनी 1945 साली निघाली. 1954 पासून तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बांधल्या. हा करार 1969 मध्ये संपला, तोवर आपली गाडी आपण आखण्याची तयारी पुण्यात सुरू झाली होती. त्या तयारीमागे सुमंत मूळगावकर यांची दृष्टी होती. 1986 साली ‘407’ ही हलकी मालमोटार, 1988 मध्ये ‘टाटामोबाइल’ हा छोटा मालवाहक, 1991 मध्ये त्याच सांगाड्यावरची ‘सिएरा’, 1992 मध्ये ‘इस्टेट’, अशा पायऱ्या चढत कारखाना 1994 मध्ये सुमोपर्यंत आला. मोटारी बांधण्यावरचे परवान्याचे बंधन 1993 साली उठले होते; पण कोऱ्या कागदावर नवी मोटार आखायला वर्षे लागतात. घरात जो सांगाडा तयार होता, त्यावर मोठी पेटी चढविणे हाच जवळचा मार्ग होता.

सुमो हे नाव ऐकून पुष्कळांना जपानी मल्ल आठवतो. वस्तुतः रोमन लिपीतील सुमंत आणि मूळगावकर या शब्दांची पहिली दोन-दोन अक्षरे जोडून ते नाव घडले आहे. मूळगावकर 1989 सालीच निवर्तले. आपल्या नावाची गाडी त्यांनी पाहिली नाही.

ही गाडी लोकांना आवडली. 1997 पर्यंत एक लाखाहून अधिक सुमो विकल्या गेल्या. याचे मर्म काशीहून गयेला जाताना कळे. हा रस्ता जुन्या ग्रँड ट्रंक रोडचा. सासाराम, डेहरीचा शोण नदीवरचा पूल, आणि रात्रंदिवस धावणाऱ्या मालमोटारींच्या रांगा. त्या रस्त्याचे खड्डे मालमोटारीचा सांगाडा सहज सोशी. सुमारे दोन लिटरचे डिझेल इंजिन संथ पण चिवट होते, डिझेल पेट्रोलहून स्वस्त होते, आणि पाटा तुटला तर रस्त्याकाठचा मिस्त्री तो बदलून देई. दहा माणसांत भाडे वाटले की यात्रा आवाक्यात येई. सगळे एकत्र जाऊ शकले, हेच तिचे मोठे देणे.

परंतु या देण्याची किंमतही होती. शिडीचा सांगाडा ताठ असतो. धडक बसली की तो सहजी चुरगळत नाही, आणि आघाताचा मोठा वाटा आत बसलेल्यांपर्यंत पोहोचतो. गाडी उंच, टपावर ओझे, म्हणून वेगाने वळताना कलंडण्याची भीती अधिक. आणि सर्वांत मागे, एकमेकांसमोर आडवी टाकलेली बाके! समोरून धडक बसली तर तिथला माणूस कुशीवर फेकला जातो. या बाकांवर बहुतेक वेळा बसत ती मुले, कारण मोठी माणसे पुढची आसने घेत. ज्यांच्यासाठी सारे कुटुंब एका गाडीत आले, त्यांनाच सर्वांत कमी संरक्षण मिळे.

सुरक्षिततेचे नियम कडक झाले आणि धुराचे नवे मानक दारात आले, तेव्हा 2019 साली सुमोचे उत्पादन थांबले. शिडीचा सांगाडा नाहीसा झालेला नाही. पण टाटांच्या ज्या सफारीने 1998 मध्ये तो वापरला, तीही 2021 पासून एकसंध कवचाची झाली. एकत्र जाण्याची ओढ मात्र तशीच आहे, आणि ती असावीही. पुन्हा कधी आठ-दहा जणांनी काशीहून गयेकडे निघायचे ठरविले, तर गाडीत किती माणसे मावतात एवढेच विचारू नये. मागच्या आसनावर बसणाऱ्या नातवाला पट्टा आहे ना, हेही पाहावे.