मंगळवार ते सोमवार

जहांगीरला जायचं तर सोमवारी संध्याकाळी, सहाच्या पुढे जावं. उद्घाटनाला काय, सगळेच जातात. समई पेटते, पाहुणे बोलतात, फोटो निघतात. सोमवारी मात्र शेवटचा प्रेक्षक बाहेर पडायच्या आतच कोपऱ्यात बबल-रॅपची गुंडाळी येऊन पडलेली असते. चित्रकाराचा भाऊ नाहीतर मेहुणा टेम्पोवाल्याला फोनवर काळ्या घोड्याची खूण समजावत असतो. (तो घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, 1965 मध्येच राणीच्या बागेत गेला. खूण तेवढी राहिली. 2017 मध्ये तिथे नवा घोडा आला, त्याच्यावर स्वार नाही.) सात वाजले की चित्रं उतरतात, भिंतीवर खिळ्यांची भोकं उरतात आणि मंगळवारी अकरा वाजता त्याच भिंतीवर दुसऱ्या कुणाचं तरी नाव असतं.

जहांगीर आर्ट गॅलरीचं कॅलेंडर हे असं सात दिवसांचं आहे, आणि माझ्या मते या वास्तूचं सगळं मर्म त्यातच आहे. खाजगी गॅलरी चित्रकार निवडते, त्याच्यावर पैसे लावते, विक्रीत वाटा घेते. इथे उलटं. चित्रकाराने अर्ज करायचा, कामांचे नमुने समितीपुढे ठेवायचे, पसंत पडले तर प्रतीक्षायादीत नाव घालायचं आणि भाडं भरून आठवडा घ्यायचा. यादी काही वर्षांची असते. त्यामुळे चित्रकारांच्या बोलण्यात ‘जहांगीरची तारीख मिळाली’ हे वाक्य मुलीचं लग्न ठरल्याच्या सुरात येतं. फ्रेम, वाहतूक, कॅटलॉग, मुंबईतला मुक्काम असा खर्चही लग्नासारखाच असतो. जिल्ह्याच्या गावात आयुष्यभर चित्रकलेचे तास घेतलेला कलाशिक्षक निवृत्तीनंतर इथे एक आठवडा मांडतो, तेव्हा त्याची फंडाची रक्कम भिंतीवर लागलेली असते.

1952 मध्ये सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ हे दालन बांधून दिलं, तेव्हा मुंबईत चित्रं लावायला नीट जागाच नव्हती. बॉम्बे आर्ट सोसायटी 1888 पासूनची. प्रोग्रेसिव्ह गटाची चित्रकार मंडळी 1947 मध्ये एकत्र आली. पण भिंत कुठे होती? चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी दालनासाठी आग्रह धरला. म्युझियमच्या आवारात जागा मिळाली. दुर्गा बाजपेयी यांनी काँक्रीटची इमारत आखली, पुढे लाटेसारखं छत काढलं. तिकीट नाही. शेजारच्या बसस्टॉपवरचा माणूस उन्हाला कंटाळून आत शिरला तरी चालतं.

दोनच वर्षांत या भिंतींची परीक्षा झाली. पॅरिसहून आलेल्या अकबर पदमसींचं प्रदर्शन 1954 मध्ये इथे लागलं. त्यातल्या ‘लव्हर्स’ या चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर होता. पोलिसांनी चित्रं उतरवायला सांगितलं. पदमसींनी नकार दिला, अश्लीलतेचा खटला अंगावर घेतला आणि जिंकला. चित्रकार जेमतेम सव्वीस वर्षांचा होता. ‘माफी मागून मोकळा हो’ असं सांगणारे तेव्हाही कमी नसणार.

भूपेन खख्खर यांचं पहिलं एकल प्रदर्शन 1965 मध्ये जहांगीरलाच झालं. मुंबईत वाढलेला, हिशेबतपासनीस झालेला हा माणूस बडोद्याला जाऊन चित्रकार झाला आणि देवादिकांची बाजारू छापील चित्रं कापून-चिकटवून त्याने काम उभं केलं. हुसेन यांनी तर एकदा चित्रंच लावली नाहीत. ‘श्वेतांबरी’ नावाखाली दालनात पांढरं कापड सोडलं आणि जमिनीवर वर्तमानपत्रांचे कपटे पसरले. लोक चिडले. पण चिडायला का होईना, आले.

याच इमारतीत वरच्या मजल्यावर दुसरं जग होतं. केकू आणि खोर्शेद गांधींची गॅलरी केमोल्ड 1963 पासून तिथे चालायची. गांधींचा मूळ धंदा फ्रेमा करण्याचा, आणि फ्रेम करता करता चित्रकार हेरण्याचा. अतुल दोडियांचं पहिलं एकल प्रदर्शन 1989 मध्ये याच वरच्या मजल्यावर झालं. खाली आठवड्याच्या भाड्याने कुणीही, वर गॅलरीवाल्याने निवडलेलेच, आणि मध्ये एक जिना. 2007 मध्ये केमोल्ड फोर्टातच प्रेस्कॉट रोडला गेली.

याच इमारतीतल्या सामोवारविषयी लिहिताना हात सैल सुटतो, म्हणून आवरतं घेतो. उषा खन्नांनी 1964 मध्ये सुरू केलेलं ते बोळासारखं लांबोडकं उपाहारगृह 31 मार्च 2015 ला बंद झालं. चित्र न विकलेला आणि चित्र विकलेला असे दोघं एकाच टेबलावर बसायचे. त्यातला चहाचे पैसे कोण द्यायचा, हे सांगायला नको.

आज चक्कर मारली तर काय दिसतं? खरं सांगायचं तर पुष्कळसं सुमार. बनारसचे घाट, उधळलेले घोडे, चेहरा नसलेल्या बायका, अमूर्त गणपती. अभिप्रायाच्या वहीत पानोपानी ‘अप्रतिम!’. मग एखाद्या मंगळवारी कोपऱ्यातल्या दालनात कुणीतरी कोरड्या विहिरीची वीस चित्रं लावलेली असतात आणि आपण चपला घासत परत पहिल्या चित्रापाशी जातो. पावसाळ्यात नुकते कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या मुलांचा मान्सून शो लागतो. मी तो सहसा चुकवत नाही, कारण त्यात विकायची घाई कमी असते.

ज्यांची तारीख लागलेली नाही ते बाहेर फुटपाथवर असतात. तिथेही चित्रं टांगलेली असतात, पाच मिनिटांत पेन्सिलने चेहरा काढून मिळतो. एकदा एका स्केचवाल्याला विचारलं, आत अर्ज केलाय का? ‘केलाय की,’ तो मान वर न करता म्हणाला, ‘हनुवटी जरा खाली घ्या.’