अर्जातील चूक आणि यंत्राची पारख



अर्ज भरणे हा आपल्या नागरिक जीवनातला एक नित्यविधीच होऊन बसला आहे. मुलाला कॉलेजात घालायचे असो, बँकेत खाते उघडायचे असो की निवृत्तिवेतन मिळवायचे असो, अर्जावाचून पान हलत नाही. पूर्वी हा अर्ज कागदाचा असे आणि खिडकीपलीकडे एक कारकून बसलेला असे. तो अर्जावरून नजर फिरवी आणि म्हणे, "अहो, तारीख राहिली की!" त्या कारकुनाच्या रागालोभाच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत, पण तो एकाच वेळी दोन कामे करीत असे हे मात्र आपल्या सहसा ध्यानात येत नाही. एक, तो चूक पकडी. आणि दोन, समोरच्या माणसाला काय सांगायचे आहे ते तो समजून घेई. आज अर्ज पडद्यावर आला. पहिले काम आपण यंत्राकडे सोपवले. दुसरे काम कोणाकडे सोपवले, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज ह्याने १८६४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मवृत्तात एक गंमत नोंदवली आहे. यंत्रात चुकीचे आकडे घातले तरी उत्तर बरोबर येईल काय, असे त्याला लोकांनी विचारले होते, आणि असा प्रश्न कोणाला सुचतो तरी कसा ह्याचे त्याला नवल वाटले होते. यंत्र दळते, निवडत नाही. जात्यात खडा गेला तर पिठात कचकच येणारच. म्हणून धान्य जात्याच्या तोंडाशीच पाखडून घ्यावे लागते. अर्जाच्या रकान्यांमागे चालणारी तपासणी म्हणजे हे पाखडणे होय.

ही तपासणी तीन पायऱ्यांनी चढत जाते. पहिली पायरी आकाराची. पिनकोडात सहा अंक हवेत आणि पहिला शून्य नसावा. पॅन क्रमांकात आधी पाच अक्षरे, मग चार अंक, शेवटी एक अक्षर हवे. दुसरी पायरी सुसंगतीची. ३१ सप्टेंबर ही तारीख दिसायला ठीक, पण पंचांगात नाही. २९ फेब्रुवारी २००० साली होती, १९०० साली नव्हती. नोकरीला लागल्याची तारीख जन्मतारखेच्या आधीची असू शकत नाही. तिसरी पायरी सत्याची: जे लिहिले ते खरे आहे काय? पहिल्या दोन पायऱ्या यंत्र सहज चढते. तिसरीपाशी ते थबकते.

पहिल्या दोन पायऱ्यांवर मनुष्याच्या बुद्धीने काय करामत केली आहे, ती पाहण्याजोगी आहे. अंक लिहिताना आपल्या हातून मुख्यतः दोन तऱ्हेच्या चुका होतात: एखादा अंक बदलतो, किंवा शेजारचे दोन अंक आपसांत जागा बदलतात. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून ह्या संशोधकाने १९५४ साली ह्यावरच्या एका युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९६० साली ते मंजूर झाले. युक्ती अशी की, क्रमांकाच्या शेवटी एक राखणदार अंक जोडायचा. समजा, क्रमांक आहे २५३८. उजवीकडून सुरुवात करून एकाआड एक अंक दुप्पट करा. दुप्पट दोन अंकी झाली तर ते दोन अंक मिळवून घ्या. ८ चे १६, म्हणजे ७, ३ तसेच, ५ चे १०, म्हणजे १, २ तसेच. बेरीज १३. ती २० करायला ७ हवेत. म्हणून पूर्ण क्रमांक झाला २५३८७. आता कोणी घाईने ५२३८७ लिहिले, तर हीच बेरीज २६ येते. तिला दहाने भाग जात नाही आणि चोर पकडला जातो. आपल्या खिशातल्या बँकेच्या कार्डावरील क्रमांकाचा शेवटचा अंक हा असाच राखणदार आहे. घरी जाऊन ताळा करून पाहावा.

ह्या राखणदाराचाही एके ठिकाणी डोळा लागतो. ० आणि ९ शेजारी असून त्यांची अदलाबदल झाली, तर बेरीज तीच राहते. याकोबस व्हरहूफ ह्या डच गणितज्ञाने १९६९ साली अशी रीत मांडली की, एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या अंकांची कोणतीही अदलाबदल तिच्या हातून निसटत नाही. आपल्या आधार क्रमांकाचा बारावा अंक ह्याच रीतीने काढलेला असतो.

एवढे ऐकल्यावर यंत्राला सारे कळते असे वाटू लागेल. म्हणून पिनकोडाकडे वळू. १९७२ साली स्वातंत्र्यदिनी सुरू झालेल्या ह्या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ. पिनकोडात राखणदार अंक नाही. पुण्याच्या सदाशिव पेठेचा ४११०३० हा क्रमांक लिहिताना शेवटचे ३ आणि ० उलटले, तर होतो ४११००३. आणि तो आहे खडकीचा! आकार बरोबर, शहर बरोबर, आणि पत्र मात्र भलतीकडे. तात्पर्य, तपासणीतून पार पडलेली माहिती निर्दोष दिसते, एवढेच म्हणता येते. खरी आहे असे म्हणता येत नाही.

आता ह्याची उलट बाजू पाहू. तीच मला अधिक गंभीर वाटते. खोटे आत शिरणे हा एक दोष. खरे बाहेर राहणे हा दुसरा. नावाच्या रकान्यात फक्त अक्षरे असावीत, हा नियम किती निरुपद्रवी दिसतो! पण संगणकाच्या युनिकोड ह्या लिपिकोशात देवनागरीची काना, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार ही 'अक्षरे' नव्हेत, 'चिन्हे' म्हणून नोंदलेली आहेत. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून कोणी हा नियम लिहिला, तर त्या अर्जात शरद आत जातो आणि वसंत अनुस्वारापायी दाराबाहेर राहतो. कमल चालते, कमला चालत नाही. आडनाव लावण्याची चाल नसलेल्या माणसापुढे 'आडनाव आवश्यक' असा तांबडा शेरा येतो. तो बिचारा तिथे एखादे टिंब देतो किंवा वडिलांचे नाव दुसऱ्यांदा लिहितो. म्हणजे चूक टाळण्यासाठी केलेल्या नियमानेच त्याच्याकडून चूक लिहवून घेतली. पुढे हेच नाव दुसऱ्या दाखल्याशी जुळत नाही आणि त्याचे हेलपाटे सुरू होतात.

मग यंत्राने अडवावे केव्हा आणि नुसते विचारावे केव्हा? जे अशक्यच आहे, म्हणजे ३१ सप्टेंबर किंवा न जुळणारा राखणदार अंक, तिथे अडवावे. जे केवळ अपरिचित आहे, तिथे विचारावे आणि माणसाने 'होय' म्हटल्यास वाट सोडावी. मात्र विचारणेही अर्थपूर्ण हवे. ८ डिसेंबर २००५ रोजी टोकियोच्या शेअरबाजारात मिझुहो ह्या पेढीला जे-कॉम कंपनीचा एक शेअर ६,१०,००० येनला विकायचा होता. नोंद झाली ती ६,१०,००० शेअर एक येनला विकण्याची. त्या कंपनीचे एकूण शेअर सुमारे १४,५०० होते! पडद्यावर इशारा आला होता. तो ओलांडला गेला. हुकूम मागे घेण्याचे प्रयत्नही निष्फळ ठरले आणि नुकसान झाले सुमारे ४,००० कोटी येनचे. उठल्यासुटल्या 'खात्री आहे ना?' म्हणणाऱ्या यंत्राकडे कोणी लक्ष देत नाही. "कंपनीपाशी आहेत त्याहून अधिक शेअर आपण विकत आहात," असे स्पष्ट सांगून जे खरोखर अशक्य ते रोखून धरणे, ही खरी राखण.

हेच लहानसहान सूचनांनाही लागू आहे. 'अवैध माहिती' एवढाच शेरा म्हणजे वसकन ओरडणे झाले. "पिनकोडात सहा अंक लागतात, आपण पाच लिहिले आहेत," असे म्हटले की अडाण्यालाही वाट सापडते. आणि एका रकान्यात चूक निघाली म्हणून बाकीचे भरलेले वीस रकाने पुसून टाकणे, ह्याला तर शिक्षाच म्हटले पाहिजे.

श्रोतेहो, अंकाचा ताळा यंत्राने पाहावा, कारण त्यात ते आपल्यापेक्षा दक्ष आहे. परंतु जिथे अर्जदार म्हणतो 'हे माझे खरे नाव आहे' आणि अर्ज म्हणतो 'असे नाव असत नाही', तिथे अर्ज दुरुस्त झाला पाहिजे, माणूस नव्हे. आणि त्या अर्जावर कोठेतरी एक जागा अशी हवीच की, जिथून हाक मारली असता पलीकडून माणसाचा आवाज येईल.