शेतकरी कुटुंबांना मिळणारे नियमित रोख साहाय्य आणि मुलांचे शिक्षण

नियमित रोख साहाय्य म्हणजे ठरावीक रक्कम ठरावीक कालावधीने थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याची पद्धत होय. महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांना असे साहाय्य प्रामुख्याने प्रधानमंत्री किसान सन्मान निधी (२०१९), नमो शेतकरी महासन्मान निधी (२०२३) आणि मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण (२०२४) या योजनांतून मिळते. यांपैकी एकही योजना शिक्षणासाठी आखलेली नाही. तरीही ज्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षातून एकदाच हाती येते आणि मुलांच्या शाळेचा खर्च मात्र वर्षभर चालू असतो, त्या कुटुंबात या रकमेचा शिक्षणाशी निकटचा संबंध येतो. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका हे या संबंधाचे ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

तासगाव तालुका पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आल्यावर तो त्या जिल्ह्यात आला. १९६० मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्याचे नाव सांगली असे झाले. तालुका द्राक्षे आणि बेदाणा यांसाठी प्रसिद्ध आहे. 'तास-ए-गणेश' हा द्राक्षाचा वाण याच तालुक्यातील असून तासगावच्या बाजार समितीत बेदाण्याचे सौदे होतात. 'सांगली बेदाणा' यास भौगोलिक मानांकन प्राप्त आहे. तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस कमी पडतो. सिंचनाची सोय असलेल्या गावांत ऊस व हळद ही पिकेही घेतली जातात.

शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च कोणी उचलावा, हा या परिसरातील जुना प्रश्न आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये त्यांनी सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. विद्यार्थ्यांचे श्रम आणि लोकांनी दिलेली धान्याची व पैशाची मदत यांवर ही व्यवस्था चालत असे. यातूनच 'कमवा आणि शिका' ही योजना रूढ झाली. तासगाव तालुक्यातील अंजनी गावचे रहिवासी आणि महाराष्ट्राचे माजी गृहमंत्री आर. आर. पाटील (१९५७–२०१५) यांनीही कमवा आणि शिका योजनेच्या आधारे आपले शिक्षण पूर्ण केले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफीची सवलत लागू झाली आणि तिची वार्षिक उत्पन्नमर्यादा १,२०० रुपये ठरविण्यात आली.

या सर्व उपायांत मदत विद्यार्थ्याला किंवा शाळेला मिळत असे. रोख साहाय्य योजनांत ती कुटुंबाला मिळते आणि ती कशावर खर्च करायची हे कुटुंब ठरवते.

उत्पन्नाचे आणि खर्चाचे वेळापत्रक

द्राक्षबागेत वर्षातून दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी केली जाते. फळछाटणीनंतर औषध फवारणी, खते, विरळणी आणि मजुरी यांचा खर्च सलग दोन-तीन महिने चालतो. याच काळात अवकाळी पाऊस झाल्यास डाऊनीसारख्या रोगाने घड जातात आणि फवारण्या वाढतात. काढणी सर्वसाधारणपणे जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत होते. बेदाणा करायचा झाल्यास द्राक्षे शेडमध्ये वाळवून, निवडून शीतगृहात ठेवावी लागतात आणि दर पाहून विकावी लागतात. त्यामुळे माल तयार असूनही पैसा हाती येण्यास विलंब होतो. औषध-खताचे दुकान, सोसायटीचे पीककर्ज आणि मजुरीची बाकी भागल्यावर उरेल ते कुटुंबाचे उत्पन्न असते.

शाळेचे वेळापत्रक याच्याशी जुळत नाही. शाळा जूनच्या मध्यास सुरू होतात. वह्या, दप्तर, गणवेश आणि अकरावी किंवा पदविका अभ्यासक्रमाचे प्रवेश यांचा खर्च जून-जुलैमध्ये येतो. दहावी-बारावीच्या परीक्षांचे अर्ज दिवाळीच्या आसपास, म्हणजे बागेचा खर्च सर्वाधिक असताना, भरावे लागतात. प्रवास, शिकवणी आणि वसतिगृहातील जेवण हे खर्च दरमहा असतात.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो ६ ते १४ वर्षे वयोगटास, म्हणजे इयत्ता पहिली ते आठवीपर्यंत, लागू आहे. या टप्प्यात शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात आणि शाळेत मध्यान्ह भोजन मिळते. नववीपासून या दोन्ही गोष्टी थांबतात. त्याच सुमारास गावातील शाळा संपून शेजारच्या मोठ्या गावी, तासगावला किंवा सांगलीला जाणे सुरू होते. राज्य परिवहन महामंडळाच्या बसने मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आणि इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. अनुदानित शाळांत मुलींचे शिक्षण बारावीपर्यंत निःशुल्क आहे. म्हणजेच शुल्क हा मुख्य अडथळा राहिलेला नसून शुल्काबाहेरचे लहान लहान, पण वारंवार येणारे खर्च हा खरा अडथळा आहे. शाळा सुटण्याचा धोका वाढतो तो याच टप्प्यावर.

प्रमुख योजना

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी : केंद्र शासनाच्या या योजनेचा पहिला हप्ता २४ फेब्रुवारी २०१९ रोजी वितरित झाला. पात्र शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० रुपयांच्या तीन हप्त्यांत मिळतात. एप्रिल-जुलै, ऑगस्ट-नोव्हेंबर आणि डिसेंबर-मार्च असे हप्त्यांचे कालखंड आहेत. सुरुवातीस दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांसाठी असलेली ही योजना जून २०१९ पासून सर्व जमीनधारकांना लागू झाली. पती, पत्नी व अज्ञान मुले मिळून एक कुटुंब मानले जाते आणि एका कुटुंबास एकच लाभ मिळतो. आयकर भरणारे आणि चतुर्थ श्रेणी वगळता इतर शासकीय कर्मचारी यांना योजनेतून वगळले आहे.

नमो शेतकरी महासन्मान निधी : ही महाराष्ट्र शासनाची योजना २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली. केंद्राच्या योजनेस पात्र कुटुंबास आणखी ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी वितरित झाला. दोन्ही मिळून वार्षिक रक्कम १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी १,००० रुपये होते.

मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण : जून २०२४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या या योजनेत २१ ते ६५ वयोगटातील पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशी अट आहे. वरील दोन शेतकरी योजनांतून महिन्याला १,००० रुपयांचा लाभ घेणाऱ्या महिलेस फरकाचे ५०० रुपयेच मिळतात. त्यामुळे जमीन पतीच्या नावावर असलेल्या कुटुंबात वर्षाला १२,००० आणि १८,००० मिळून ३०,००० रुपये येऊ शकतात. तीच जमीन पत्नीच्या नावावर असून लाभार्थी तीच असल्यास ही बेरीज १८,००० रुपये होते.

लेक लाडकी : १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबातील मुलींसाठी ही योजना आहे. जन्मानंतर ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० असे एकूण १,०१,००० रुपये टप्प्याटप्प्याने देण्याची तरतूद आहे. वरील तिन्ही योजनांपेक्षा हिचे वेगळेपण असे, की हिचे मधले टप्पे शाळेच्या इयत्तांशी जोडलेले आहेत.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती : आठवीत परीक्षा देऊन निवड झालेल्या विद्यार्थ्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ही रक्कम वरील दोन शेतकरी योजनांच्या वार्षिक बेरजेइतकीच आहे; मात्र ती निवड झालेल्या विद्यार्थ्यांपुरती मर्यादित आहे.

शिक्षणखर्चावर परिणाम होण्याची प्रक्रिया

महिन्याला सरासरी १,००० रुपयांतून एका मुलाचे संपूर्ण शिक्षण होत नाही. या रकमेचे महत्त्व तिच्या आकारापेक्षा तिच्या निश्चिततेत आहे. पीक चांगले येवो अथवा न येवो, ती येते. हा परिणाम पुढील मार्गांनी घडतो.

पहिला मार्ग उधारी टाळण्याचा आहे. जूनमध्ये घरात रोकड नसल्यास वह्या-गणवेशासाठी दुकानदाराची उधारी, बचत गटाचे कर्ज किंवा हातउसने पैसे घ्यावे लागतात. २,००० रुपयांचा हप्ता वेळेवर आल्यास हा खर्च रोखीने भागतो आणि पुढील सौद्यातून तेवढी रक्कम वजा होत नाही.

दुसरा मार्ग मुलांच्या श्रमाशी संबंधित आहे. विरळणी, काढणी आणि बेदाणा निवडणे ही कामे थोड्या दिवसांत उरकावी लागतात आणि त्यांना पुष्कळ हात लागतात. मजूर लावण्यास पैसे नसले की घरातील मोठी मुले शाळा बुडवून हे काम करतात. हाती थोडी रोकड असल्यास काही दिवसांची मजुरी भागते आणि ते दिवस शाळेचे राहतात.

तिसरा मार्ग पैसा कोणाच्या हाती येतो यावर अवलंबून आहे. शेतमालाची पट्टी बहुधा पुरुषाच्या खात्यावर जमा होते आणि बागेच्या देण्यांत जाते. आईच्या स्वतंत्र खात्यात दरमहा येणारी रक्कम घरखर्च आणि मुलांच्या गरजांसाठी राखून ठेवणे तुलनेने सोपे असते.

चौथा मार्ग नियोजनाचा आहे. अकरावी-बारावी ही दोन वर्षांची, तर पदविका तीन वर्षांची बांधिलकी असते. पुढच्या वर्षीही ठरावीक पैसे येतील अशी खात्री असेल, तरच कमी उत्पन्नाचे कुटुंब अशी बांधिलकी पत्करते.

इतरत्र आलेले अनुभव

मेक्सिकोत १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोग्रेसा' योजनेत ग्रामीण कुटुंबांतील मातांना मुलांच्या शालेय उपस्थितीच्या अटीवर रोख रक्कम दिली जात असे. माध्यमिक इयत्तांत मुलींसाठी ही रक्कम मुलांपेक्षा अधिक होती. पटनोंदणीतील वाढ प्रामुख्याने प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाण्याच्या टप्प्यावर दिसून आली. ब्राझीलमधील 'बोल्सा फामिलिया' (२००३) याच धर्तीची होती.

अट असावी की नसावी, हा या क्षेत्रातील महत्त्वाचा वाद आहे. आफ्रिकेतील मलावी देशात झोम्बा जिल्ह्यातील किशोरवयीन मुलींबाबत झालेल्या प्रयोगात उपस्थितीची अट असलेल्या गटात शाळागळती अधिक घटली. विनाअट गटात मात्र शाळा सोडलेल्या मुलींमध्येही लवकर विवाहाचे प्रमाण कमी झाले. भारतात मध्य प्रदेशात २०११-१२ च्या सुमारास सेवा या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने आठ गावांत विनाअट मासिक रक्कम देऊन पाहिली. तेथे शिक्षणावरील खर्च आणि मुलींची माध्यमिक शाळेतील उपस्थिती वाढल्याचे आढळले. महाराष्ट्रातील शेतकरी योजना व लाडकी बहीण योजना या शाळेची अट नसलेल्या प्रकारात मोडतात.

मर्यादा

हप्त्याची वेळ : शाळा जूनमध्ये सुरू होत असल्या, तरी एप्रिल-जुलै कालखंडाच्या हप्त्याची तारीख निश्चित नसते. २०२४ मध्ये केंद्राचा सतरावा हप्ता १८ जून रोजी, म्हणजे शाळा सुरू होताच आला. २०२५ मध्ये विसावा हप्ता २ ऑगस्ट रोजी आला. रक्कम तीच असली, तरी दुसऱ्या वर्षी शाळा सुरू होतानाचा आणि प्रवेशाचा खर्च उधारीवरच भागविणे क्रमप्राप्त होते.

जमिनीची अट : केंद्राच्या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असणे आवश्यक आहे. वारसाहक्काने झालेली नोंद हा याला अपवाद आहे. वाट्याने किंवा खंडाने शेती करणारे आणि द्राक्षबागांत काम करणारे भूमिहीन मजूर यांना शेतकरी योजनांचा लाभ मिळत नाही. एकत्र कुटुंबात सातबारा आजोबांच्या नावावर असल्यास प्रत्यक्ष शेती करणारा आणि शाळकरी मुले असलेला मुलगा अपात्र ठरतो. ज्या घरात शाळा सुटण्याची शक्यता सर्वाधिक, तेच घर या मदतीबाहेर राहते, हा या पद्धतीतील मोठा दोष मानता येईल.

नोंदींची अडचण : आधार क्रमांक बँक खात्याशी जोडणे, ई-केवायसी आणि भूमिअभिलेखांची जुळणी पूर्ण नसल्यास हप्ता थांबतो. त्यासाठी तलाठी कार्यालय, बँक आणि सेवा केंद्र यांच्या फेऱ्या कराव्या लागतात व त्यात मजुरीचे दिवस जातात.

रकमेचे घटते मूल्य : २०१९ मध्ये ठरलेली वार्षिक ६,००० रुपयांची रक्कम महागाईशी जोडलेली नाही. वह्या, प्रवास व वसतिगृहाचे दर वाढत असल्याने तिची खरेदीशक्ती दरवर्षी कमी होते.

पर्यायी गरजा : हीच रक्कम औषध फवारणी, आजारपण किंवा कर्जफेड यांसाठीही वापरली जाते. अवकाळी पावसाने बाग गेलेल्या वर्षी शिक्षणाचा क्रम मागे पडू शकतो. तसेच रोख साहाय्याने जवळ शाळा उघडत नाही, विज्ञानाचे शिक्षक येत नाहीत की बसच्या फेऱ्या वाढत नाहीत. त्यामुळे शाळा, वसतिगृहे आणि प्रवास या सोयींना ते पूरक ठरते, पर्याय नव्हे. त्या सोयी असलेल्या ठिकाणी मात्र वेळेवर आलेला एक लहानसा हप्ताही मुलामुलींना दहावीनंतर शाळेत टिकवून ठेवण्यास हातभार लावतो.